पाणी होतं, चारा नव्हता

गलाना नदी आटलेली नव्हती. दुष्काळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भेगाळलेलं तळं आणि कोरडी विहीर उभी राहते, म्हणून हे आधीच सांगायला हवं. १९७१ साली केनियाच्या त्सावो राष्ट्रीय उद्यानात हत्ती रोज नदीवर येत होते, पोटभर पाणी पीत होते आणि काठाजवळच बसकण मारून मरत होते. दोन्ही काठांवर, जिथवर पिल्लाला चालवत नेऊन संध्याकाळी परत पाण्यावर आणता येईल तिथवर, खाण्याजोगं काहीही उरलं नव्हतं. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेली आपल्याकडची म्हातारी माणसं अजूनही सांगतात, "तेव्हा धान्य नव्हतं, पण पाणी होतं." त्सावोचा दुष्काळ त्याच जातीचा होता.

१९७०–७१ च्या त्या दुष्काळात सुमारे सहा हजार हत्ती मेले. काही जाणकारांचा अंदाज त्याहून बराच मोठा आहे. हे मरण अनपेक्षित नव्हतं. चार वर्षं आधीच एका नामवंत शास्त्रज्ञाने त्याचा इशारा दिला होता आणि उपायही सुचवला होता: दुष्काळाने मारण्याआधी आपणच काही हजार हत्ती गोळ्या घालून कमी करावेत. उद्यानाच्या वॉर्डनने त्याला विरोध केला आणि शेवटी तो उपाय नाकारला गेला. हा लेख त्या नकाराविषयी आहे. त्या नकाराची किंमत माहीत असूनही मला तो योग्य वाटतो.

त्सावो हे नाव आपल्याकडे अनेकांनी वाचलेलं असतं ते सिंहांमुळे. १८९८ साली मोंबासाहून आत जाणाऱ्या रेल्वेचा पूल त्सावो नदीवर बांधला जात असताना दोन नरभक्षक सिंहांनी हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांना रात्री तंबूतून ओढून नेलं होतं. ती रेल्वे बांधायला आपल्या उपखंडातून तीस हजारांवर माणसं गेली होती. कांबा भाषेत 'त्सावो'चा अर्थ 'कत्तल' असा सांगितला जातो. पन्नास वर्षांनी, १९४८ मध्ये, त्याच लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना उद्यान जाहीर झालं. त्याचं क्षेत्रफळ सुमारे २१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहूनही मोठं. वर्षात दोनदा पाऊस, तोही बेभरवशाचा. काटेरी कॉमिफोराची दाट झुडपं, मधूनमधून गोरखचिंचेचे अवाढव्य बुंधे आणि सगळीकडे तांबडी माती. ती माती अंगावर उडवून घेतल्यामुळे इथले हत्ती लाल दिसतात.

पूर्व त्सावोचे पहिले वॉर्डन डेव्हिड शेल्ड्रिक. त्यांनी इथे जवळपास अठ्ठावीस वर्षं काढली. रस्ते आखले, व्होई नदीवर अरुबाचं धरण बांधलं, आणि १९५६–५७ मध्ये हस्तिदंतासाठी होणाऱ्या शिकारीविरुद्ध मोहीम काढली. ही शिकार करणारे बहुतेक वाटा जमातीचे होते. विष माखलेला बाण आणि सामान्य माणसाला ओढताही न येणारं धनुष्य घेऊन हत्तीच्या अगदी जवळ जाणारे ते लोक. हत्ती मारणं हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा होता, धर्मच म्हणा. उद्यानाची हद्द पडली आणि ते एका रात्रीत गुन्हेगार ठरले. शेकडो जण तुरुंगात गेले. शेल्ड्रिक आणि त्यांचे सहकारी बिल वुडली यांना या शिकाऱ्यांच्या कसबाविषयी आदर होता. पुढे वाटा लोकांना उद्यानाच्या पूर्वेला गलानाच्या एका योजनेत कायदेशीर शिकार आणि रोजगार देण्याचा प्रयत्न झाला, पण तो नीट उभा राहिला नाही. त्सावोच्या इतिहासातला हा अन्याय विसरून हत्तींची बाजू मांडणं मला जमणार नाही. ज्या माणसांना एक हत्ती मारल्याबद्दल बेड्या घातल्या, त्यांच्याच डोळ्यांदेखत दहा वर्षांत सरकारी कागदांवर हजारो हत्ती मारण्याचा विचार सुरू झाला.

याचं कारण मोहिमेच्या यशातच होतं. बाहेर शेती आणि वस्ती वाढत होती, बंदुका वाढत होत्या, आणि आत अभय होतं. हत्ती हे फार लवकर ओळखतात. ते आत आले आणि आतच राहिले. साठच्या दशकात विमानातून मोजणी झाली तेव्हा आकडे पाहून सगळे चकित झाले. उद्यान आणि भोवतालचा मुलूख मिळून सुमारे पस्तीस हजार हत्ती असावेत, असा अंदाज पुढे निघाला. एक मोठा हत्ती दिवसाला शंभर-दीडशे किलो चारा खातो. शिवाय फांदी मोडण्यापेक्षा झाड आडवं करणं त्याला सोपं जातं. कॉमिफोराची झुडपं मैलोन्‌मैल भुईसपाट झाली. गोरखचिंचेच्या ओल्या गाभ्यासाठी हत्तींनी बुंधे पोखरले आणि शेकडो वर्षं उभी असलेली ती झाडं आपल्याच भाराने कोसळली. १९६१ च्या दुष्काळात गलानाच्या काठी सुमारे तीनशे काळे गेंडे उपाशी मेले होते. गेंडा झुडपांवर जगतो आणि झुडपं हत्ती संपवत होते. वरून पाहणाऱ्याला एवढंच दिसत होतं, की एक जंगल आपल्याच जनावरांच्या पायाखाली संपत चाललं आहे.

सुरुवातीला शेल्ड्रिकही या पडझडीने अस्वस्थ होते.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात फोर्ड फाउंडेशनच्या पैशावर त्सावो संशोधन प्रकल्प उभा राहिला आणि त्याचे प्रमुख म्हणून डॉ. रिचर्ड लॉज आले. लॉज यांना खलनायक करून टाकणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. अंटार्क्टिकाच्या समुद्रात सील आणि देवमाशांवर काम केलेला हा अव्वल दर्जाचा जीवशास्त्रज्ञ. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात. त्या दाढांच्या झिजेवरून मेलेल्या हत्तीचं वय काढण्याची पद्धत लॉज यांनीच बसवली आणि ती आजही वापरली जाते. त्याआधी ते युगांडात मर्चिसन फॉल्स उद्यानात होते. तिथे १९६५ ते ६७ या काळात इयान पार्कर यांच्या कंपनीने उद्यान खात्याच्या सांगण्यावरून सुमारे दोन हजार हत्ती मारले. मारण्याची पद्धत ठरलेली होती: कळपातला एकही मागे ठेवायचा नाही. पहिला बार होताच माद्या पिल्लांना मध्ये घेऊन, तोंडं बाहेर करून गोल उभ्या राहतात. लाखो वर्षं सिंहांपुढे कामी आलेलं ते रिंगण बंदुकीपुढे उलटं मारणाऱ्याच्या सोयीचं ठरतं. काही मिनिटांत सगळं कुटुंब आडवं होई. मग दाढा, गर्भाशयं, वजनं यांची नोंद आणि मांस, कातडी, दात यांची विक्री.

त्या नोंदींतून लॉज यांना दिसलं, की दाटी झाली की हत्तिणी उशिरा वयात येतात आणि दोन पिल्लांमधलं अंतर वाढतं. निसर्ग आपला आपण लगाम घालतो, हे त्यांनाही मान्य होतं. पण साठ वर्षं जगणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत हा लगाम फार सावकाश लागतो. जन्म घटून संख्या खाली येईपर्यंत झाडं उरणारच नाहीत, हा त्यांचा मुद्दा. त्यामागचं गणित बिनचूक होतं. त्सावोत १९६६ मध्ये नमुन्यासाठी तीनशे हत्ती मारले गेले. त्यांचा अभ्यास करून लॉज यांनी मागणी केली, की त्सावोतल्या हत्तींचे वेगवेगळे समूह आहेत आणि प्रत्येकाची अवस्था समजण्यासाठी आणखी जवळपास तीन हजार मारावे लागतील. आणि ही फक्त पाहणी असणार होती. खरी विरळणी त्यानंतर.

विरळणी हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. दाट उगवलेल्या बाजरीत शेतकरी दोन रोपांमधलं एक उपटतो आणि राहिलेलं जोमाने वाढतं. हत्ती मारण्याच्या बाजूचे लोक नकळत याच चित्राने विचार करतात. पण उपटलेल्या रोपाची आठवण शेजारच्या रोपाला नसते, आणि उपटलेलं रोप बाकीच्यांना पाण्याची वाट दाखवत नसतं.

शेल्ड्रिक शास्त्रज्ञ नव्हते. त्यांच्याजवळ तक्ते नव्हते. होती ती एका जमिनीवर घालवलेली वीस वर्षं. त्या वीस वर्षांत त्यांनी वेगळं काही पाहिलं होतं. झुडपं मोडली तिथे गवत आलं होतं, आणि गवताबरोबर झेब्रे, ऑरिक्स, रानम्हशी वाढल्या होत्या. हत्तींच्या लिदीतून बिया पसरत होत्या. त्यांचं म्हणणं असं, की त्सावो म्हणजे जंगल असं ठरवायचं कुणी? हा प्रदेश कधी झुडपांचा, कधी गवताचा असाच फिरत आला असेल. झाडं वाढली की हत्ती वाढतात, हत्ती वाढले की झाडं जातात, मग दुष्काळ येतो, हत्ती घटतात आणि झाडं परत येतात. एका माणसाच्या आयुष्यात या फेऱ्याचा एक तुकडाच दिसतो, आणि तो पडझडीचा असला की माणूस घाबरतो. शिवाय दुष्काळ कळपातल्या कुणाला नेईल आणि बंदूक कुणाला, यात फरक आहे. बंदूक अख्खं कुटुंब नेते, म्हणजे सगळ्या वयांचे सारखेच. दुष्काळ आधी पाण्याशी बांधल्या गेलेल्यांना, म्हणजे पोरवाल्या माद्यांना आणि पिल्लांना गाठतो. म्हणून त्यानंतर जन्मच कमी होतात आणि त्याचा परिणाम कित्येक वर्षं टिकतो.

हे बोलणं थंड वाटतं. पण ते बोलणाऱ्याच्या घरी, व्होईला, अनाथ हत्ती वाढत होते. सॅमसन, फातुमा, एलिनॉर. शेल्ड्रिक यांची पत्नी डॅफ्ने त्यांना सांभाळत होती. 'पिल्लं आधी मरतील' हे वाक्य त्या घरातून निघालं होतं, याचा मला वाचताना पुन:पुन्हा विचार करावा लागला.

वाद वर्तमानपत्रांत गेला. माणसं दुभंगली. निर्णय होता केनियाच्या उद्यानांच्या विश्वस्तांकडे आणि नवे संचालक पेरेझ ओलिंडो यांच्याकडे. या पदावर बसलेले ते पहिले आफ्रिकन. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशात अख्खं जग पाहत असताना तो निर्णय घेणं सोपं नव्हतं. त्यांनी हत्ती मारायला परवानगी दिली नाही. १९६८ मध्ये लॉज यांनी राजीनामा दिला आणि ते निघून गेले. पुढे ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेचे प्रमुख म्हणून त्यांनी मोठं काम केलं. हत्ती मारायला विरोध करताना शेल्ड्रिक यांच्या हातात कुठलाही पुरावा नव्हता, हे त्यांच्या बाजूच्या माणसानेही मान्य केलं पाहिजे.

दोन वर्षांनी पाऊस हुकला. मग पुन्हा हुकला.

लॉज म्हणाले होते तसंच घडलं, आणि शेल्ड्रिक म्हणाले होते तसंही. टिमथी कॉरफील्ड या तरुण संशोधकाने मेलेल्या हत्तींचे जबडे गोळा करून त्यांची वयं काढली, तीही लॉज यांच्याच दाढांच्या पद्धतीने. त्यात पोरवाल्या वयाच्या माद्या आणि लहान पिल्लं फार मोठ्या संख्येने होती. प्रौढ नर त्या मानाने वाचले, कारण नर एकटा असतो. पाणी पिऊन तो लांबवर चाऱ्याला जातो आणि एक-दोन दिवसांनी परत येतो. मादी पिल्लाच्या चालीने चालते. पिल्लू रोज पाण्यावर यायला हवं, म्हणून तिचा चारा पाण्याभोवतीच्या त्या उघड्याबोडक्या वर्तुळात अडकतो. ती उपाशी राहते, दूध आटतं, पिल्लू आधी जातं. आणि पिल्लू गेल्यावरसुद्धा ती लांब जात नाही, कारण कळपात दुसऱ्या कुणाचं तरी पिल्लू असतंच. दुधावरच्या पोरक्या पिल्लांना जगवण्याची रीत तेव्हा कुणालाही ठाऊक नव्हती. गाईचं दूध त्यांना पचत नसे. डॅफ्ने यांना बऱ्याच वर्षांनी, बऱ्याच अपयशांनंतर, त्याचं उत्तर सापडलं ते आपल्या ओळखीच्या खोबरेल तेलात. सत्तर-एकाहत्तरमध्ये ते हाती नव्हतं.

हत्ती मारण्याच्या बाजूचे लोक आजही विचारतात, ही सावकाश उपासमार दयाळू म्हणायची की डोक्यात घातलेली एक गोळी? प्रश्न प्रामाणिक आहे. एका हत्तीपुरता विचार केला तर मीसुद्धा कदाचित गोळी म्हणेन. पण तो प्रश्न एका हत्तीचा कधीच नव्हता. दरवर्षी ठरावीक संख्येने हत्ती मारायचे तर त्यासाठी खाटीकखाना लागतो, शीतगृह लागतं, माणसं नेमावी लागतात, दात विकावे लागतात. ही यंत्रणा एकदा उभी राहिली की तिचं पोट भरण्यासाठी हत्ती लागतात, मग पाऊस झालेला असो वा नसो. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर उद्यानात हे १९६७ ला सुरू झालं आणि १९९४ पर्यंत चालू राहिलं. तोवर चौदा हजारांहून जास्त हत्ती मारून झाले होते.

त्सावोत दुष्काळ संपला आणि दुसरं संकट आलं. मेलेल्या हजारो हत्तींचे दात रानात पडले होते. ते गोळा करायला माणसं आत शिरली. त्याच सुमाराला जगात हस्तिदंताचा भाव चढत गेला. पडलेले दात संपले तेव्हा आत येणाऱ्यांच्या हातात बंदुका होत्या, पुढे यंत्रबंदुकाही. १९७६ मध्ये उद्यान खातं आणि शिकार खातं एकत्र करून टाकलं गेलं आणि शेल्ड्रिक यांची त्सावोतून नैरोबीला बदली झाली. काही महिन्यांनी, जून १९७७ मध्ये, त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. १९८८ साली त्सावोच्या पूर्ण प्रदेशात मोजणी झाली तेव्हा हत्ती उरले होते ५,३६३. पस्तीस हजारांतून.

या आकड्याने दोन्ही बाजूंचा वाद अर्धवट सोडला. झाडं परत आली, कॉमिफोरा दाट झाला, पण ते निसर्गाच्या फेऱ्यामुळे की चोरांनी हत्ती संपवल्यामुळे, हे आता कधीच वेगळं काढता येणार नाही. शेल्ड्रिक बरोबर होते असं त्सावोने सिद्ध केलं, असं म्हणणाऱ्यांशी मी म्हणून सहमत नाही. त्सावोने दुसरं काहीतरी दाखवलं. साठच्या दशकात 'जास्त' वाटलेले हजारो हत्ती पुढच्या वीस वर्षांत गंगाजळीसारखे खर्ची पडले. मर्चिसन फॉल्समध्ये आधी विरळणी झाली, मग इदी अमीनची राजवट आणि युद्ध आलं, आणि हजारोंची संख्या काही शेकड्यांवर आली. किती हत्ती 'जास्त' आहेत हे ठरवताना पुढची वीस वर्षं ठरवणाऱ्याला दिसत नसतात.

हत्तींच्या आठवणीविषयी शेल्ड्रिक यांना फक्त अंदाज होता. आपल्याला आज त्याहून जास्त माहीत आहे. १९९३ मध्ये टांझानियातल्या तरंगिरे उद्यानात कडक दुष्काळ पडला. नऊ महिन्यांत ८१ पिल्लांपैकी १६ मेली. जे कळप उद्यान सोडून बाहेर गेले त्यांची पिल्लं बरीच वाचली. जो गट तिथेच राहिला त्याने सर्वांत जास्त गमावली. बाहेर गेलेल्यांच्या पुढे वयस्क हत्तिणी होत्या. तिथला यापूर्वीचा असा दुष्काळ १९५८ ते ६१ चा. तो पाहिलेल्या हत्तिणी आठवणीवरून निघाल्या असाव्यात, असं अभ्यासकांनी म्हटलं. आणि जिथे ही म्हातारी पिढीच काढून टाकली तिथे काय होतं? क्रूगरमध्ये कुटुंबं मारताना वाचवलेली पिल्लं पिलान्सबर्ग उद्यानात नेऊन सोडली होती. मोठ्यांविना वाढलेल्या त्यांच्यातल्या तरुण नरांनी १९९२ ते ९७ दरम्यान चाळीसहून अधिक पांढरे गेंडे मारले. १९९८ मध्ये क्रूगरमधून सहा प्रौढ नर आणून सोडले, तेव्हा ते थांबलं.

२०२४ मध्ये एल निन्योमुळे आफ्रिकेचा दक्षिण भाग होरपळला आणि हा जुना उपाय पुन्हा बाहेर आला. नामिबियाने ऑगस्टमध्ये ७२३ जंगली प्राणी मारून मांस वाटण्याचं जाहीर केलं. त्यात ८३ हत्ती होते. पुढच्याच महिन्यात झिम्बाब्वेने २०० हत्तींची घोषणा केली, १९८८ नंतर प्रथमच. नामिबियात जवळपास निम्मी लोकसंख्या अन्नटंचाईत होती. ज्याचं उभं पीक हत्तींनी तुडवलं, ज्याच्या घरातलं माणूस हत्तीने मारलं, त्याला इथे बसून उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. सोलापूर-धाराशिवच्या शेतकऱ्याला कुणी परक्याने असा उपदेश केला तर आपल्यालाही तो झोंबेल. त्या माणसाला भरपाई, धान्य, कुंपण मिळालंच पाहिजे. पण दोन-तीनशे हत्तींच्या मांसाने लाखोंच्या पोटाची भूक किती दिवस भागते? हत्ती मारायचा निर्णय दुष्काळात घेतला जातो, कारण दुष्काळात कुणी विरोध करत नाही.

झिम्बाब्वेच्या ह्वांगे उद्यानात बारमाही नदी नाही. तिथल्या पाणवठ्यांना १९३० च्या दशकापासून माणूस बोअरमधून पाणी उपसून देतो आहे. तिथे हत्तींची दाटी झाली ती आपण दिलेल्या पाण्याभोवती, आणि त्सावोत ती आपण दिलेल्या अभयाच्या आत झाली होती. १९९१–९२ च्या मोठ्या दुष्काळात या भागात दहा वर्षांची असलेली हत्तीण २०२४ मध्ये बेचाळीस वर्षांची होती. म्हणजे कळपाच्या पुढे चालण्याच्या वयाची. आईच्या मागे चालत त्या वर्षी ती कोणत्या दिशेने गेली, कोणत्या कोरड्या पात्रात सोंडेने वाळू उकरली, कोणत्या झाडाची साल चावली, हे तिला ठाऊक आहे. तिच्या मागे आज जी पिल्लं चालतात, त्यांना पुढचा दुष्काळ अजून पाहायचा आहे.